कुरोसावाचे ३० चित्रपट, वरून खाली : कामाच्या नोंदी

४ जानेवारी

सुरुवात. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने १९४३ ते १९९३ या काळात दिग्दर्शित केलेले ३० चित्रपट उत्तमापासून सुमारापर्यंत लावायचे. बरोबरीत कुणी नाही. "या दोघांची जातकुळीच वेगळी" अशी पळवाटही नाही. एका क्रमांकावर एकच चित्रपट.

आधी आठवणीवरून एक कच्ची यादी खरडली आणि पाकिटात बंद केली. काम संपल्यावरच उघडायची. त्यातले पहिले पाच: सेव्हन सामुराई, राशोमोन, इकिरु, रान, द हिडन फोर्ट्रेस. तिसातले सात मी कधी पाहिलेलेच नाहीत, त्यांना ऐकीव माहितीवर जागा दिली. द मोस्ट ब्यूटिफुल त्यातलाच. युद्धकाळातला प्रचारपट एवढंच वाचलं होतं, म्हणून बिनदिक्कत तिसावा.

नियम तीनच. या कामात पुन्हा पाहिल्याशिवाय कुणालाही जागा नाही. पुरस्कार मोजायचे नाहीत. आणि चित्रपट आले त्या क्रमाने पाहायचे, म्हणजे आवडते आधी उरकून घेता येणार नाहीत.

५ जानेवारी

गणित केलं. तिसातल्या प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली तर ४३५ जोड्या होतात. तेवढं करत बसले तर म्हातारी होईन. त्यापेक्षा सोपी रीत: लागलेल्या यादीच्या मधोमध असलेल्या चित्रपटाशी नव्याची तुलना करायची. नवा सरस ठरला तर वरच्या अर्ध्यात जायचं, नाहीतर खालच्या. मग त्या अर्ध्याच्या मध्यावर पुन्हा तेच. अशा रीतीने जास्तीत जास्त ११९ तुलनांमध्ये काम होतं. तक्त्यात चार रकाने: चित्रपट, कोणाशी लावला, निकाल, कारण. कारण एका ओळीत.

या रीतीत एक गृहीत आहे. अ हा ब-पेक्षा सरस आणि ब हा क-पेक्षा सरस, तर अ हा क-पेक्षा सरस असलाच पाहिजे. माझी आवड तेवढी शिस्तीची आहे का, ते बघू.

११ जानेवारी

सान्शिरो सुगाता. पहिलाच चित्रपट, ज्यूडो शिकणाऱ्या पोराची गोष्ट. १९४४ मध्ये पुन्हा लावताना याची सुमारे १७ मिनिटं कापली गेली आणि गाळलेल्या जागी मजकुराच्या पाट्या आल्या. पाट्या वाचताना चिडचिड होते, तरीही एक जागा अशी आली की मागे जाऊन दोनदा पाहिली. नायक गुरूची रिक्षा ओढायला पुढे होतो आणि पायातल्या लाकडी खडावा रस्त्यातच काढून टाकतो. मग फक्त खडाव दिसते. पावसात पडलेली, कुत्र्याच्या पिल्लाच्या तोंडात, बर्फ अंगावर घेतलेली, पाण्यावरून वाहत चाललेली. ऋतू सरले, पोरगा आता त्या गुरूच्या हाताखाली आहे, हे आपल्याला न सांगता कळतं. तेहतिशीच्या आत-बाहेरचा दिग्दर्शक, पहिलं काम, आणि एका खडावेवर अख्खा काळ तोलून धरतो.

भाग २ (१९४५) क्रमाचा नियम मोडून लगेच त्याच्या मागे पाहिला. त्यात अमेरिकी मुष्टियोद्ध्याला लोळवायचं आहे, आणि ते लोळवलं जातं. याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

१८ जानेवारी

द मोस्ट ब्यूटिफुल. प्रचारपट आहेच, त्यात वाद नाही. युद्धासाठी दुर्बिणींची भिंगं बनवणाऱ्या कारखान्यातल्या मुली, उत्पादनाचा आलेख, ढोल-बिगुलांची मिरवणूक. पण वातानाबे नावाची त्यांची पुढारी एक न तपासलेलं भिंग चुकून तपासलेल्या ढिगात टाकते आणि ते तिच्या लक्षात येतं. मग ती सगळी भिंगं पुन्हा तपासायला बसते. रात्रभर. एक भिंग उचल, यंत्राखाली धर, डोळा लाव, बाजूला ठेव, पुढचं उचल. डोळे मिटायला लागतात, झोप जावी म्हणून ती गाणं म्हणते. दिग्दर्शकाला घाई नाही.

रात्री अकरा वाजता मी तक्त्यात एक-एक जोडी भरत होते आणि ही बाई एक-एक भिंग बघत होती. पाकिटातली जागा टिकणार नाही असं दिसतं.

(पुढे लक्षात आलं म्हणून इथेच टिपते: इकिरुमधल्या सरकारी अधिकाऱ्याचं आडनावही वातानाबेच.)

२६ जानेवारी

ताई आली होती. तिला सिनेमाचं वेड नाही. रुग्णालयात परिचारिका आहे, रात्रपाळी करून आलेली, सोफ्यावर आडवी. लावला होता वन वंडरफुल संडे (१९४७). हातात ३५ येन असलेलं एक जोडपं रविवार कसा घालवतं, एवढीच गोष्ट. शेवटी रिकाम्या खुल्या नाट्यगृहात तो काल्पनिक वाद्यवृंदापुढे उभा राहतो, पण संगीत काही सुरू होत नाही. तेव्हा ती मुलगी वळते आणि थेट कॅमेऱ्यात बघून प्रेक्षकांना विनवते: आमच्यासारख्यांसाठी टाळ्या वाजवा.

मी पेन धरून बसले होते. कारणाच्या रकान्यात "भाबडेपणा" असं अर्धं लिहून झालं होतं. शेजारून टाळ्यांचा आवाज आला. ताई आडव्या आडव्याच टाळ्या वाजवत होती.

"अगं, वाजव ना," ती म्हणाली. "ती रडतेय बघ."

मला नाही वाजवता आल्या. शूबर्टची अपूर्ण सिम्फनी सुरू झाली आणि ताई झोपली. "भाबडेपणा" खोडला. दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही, रकाना आज कोराच ठेवला.

८ फेब्रुवारी

ड्रंकन एंजल (१९४८) आणि द क्वाएट ड्यूएल (१९४९) पाठोपाठ. दोन्हीत डॉक्टर, म्हणून ताईला मुद्दाम बोलावलं. पहिल्यात ताकाशी शिमुरा दारुड्या डॉक्टर आणि तोशिरो मिफुने क्षयाने पोखरलेला गुंड. कुरोसावाबरोबरचा मिफुनेचा हा पहिला चित्रपट. मिफुने पडद्यावर आला की शिमुराचा डॉक्टर बाजूला पडतो, आणि दिग्दर्शकाला ते आवरता आलेलं नाही असं स्पष्ट दिसतं. शेवटची मारामारी सांडलेल्या पांढऱ्या रंगात होते. दोघे घसरतात, उठतात, पुन्हा घसरतात. वीरश्री औषधालाही नाही.

क्वाएट ड्यूएलमध्ये मिफुने सज्जन डॉक्टर आहे. युद्धकाळात शस्त्रक्रिया करताना बोट कापतं आणि रुग्णाच्या रक्तातून त्याला उपदंश होतो. वाग्दत्त वधूला कारण न सांगता तो लग्न मोडतो. मला तो कोंदट, नाटकी वाटला. खाली टाकला.

ताई मात्र भडकली. "तुला ते नाटकी वाटतं कारण तू सुई टोचून घेतलेली नाहीस कधी." मग सांगू लागली. हातमोज्यातून सुई गेली तर पहिली पाच मिनिटं माणूस काय करतो: नळाखाली बोट धरून उभा राहतो आणि कुणालाच सांगत नाही. चित्रपटातला माणूस ती पाच मिनिटं कित्येक वर्षं जगतो, असं तिचं म्हणणं. तिच्या मते बारावा-तेरावा तरी हवा.

मी जागा बदलली नाही. पण तिचं म्हणणं कारणाच्या रकान्यात माझ्या ओळीखाली लिहिलं. तक्त्यात दुसऱ्या कुणाचं वाक्य पहिल्यांदाच आलं.

१५ फेब्रुवारी

स्ट्रे डॉग (१९४९). नवख्या पोलिसाचं पिस्तूल बसमध्ये मारलं जातं आणि तो उन्हाळ्यात शहरभर ते शोधत फिरतो. सगळे घामाने निथळतायत, पंखे, रुमाल, चिकटलेले सदरे. शेवटी चोर आणि पोलीस चिखलात माखून फुलांमध्ये शेजारी-शेजारी धापा टाकत पडतात आणि जवळून पोरांचं गाणं ऐकू येतं. कोण चोर आणि कोण पोलीस हे कपड्यांवरूनही ओळखू येऊ नये, इतके सारखे. थेट वर गेला.

स्कँडल (१९५०): शिमुराच्या लाचखाऊ वकिलासाठी पाहावा. बाकी खाली.

२२ फेब्रुवारी

राशोमोन पुन्हा पाहिला आणि वाईट वाटलं. १९५१ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला आणि जपानी सिनेमाकडे जगाचं लक्ष गेलं ते याच्यामुळे. छायाचित्रकार काझुओ मियागावाने झाडांच्या फांद्यांतून कॅमेरा थेट सूर्यावर रोखला तो हाच. ८८ मिनिटांत एक गुन्हा आणि चार हकिकती. हे सगळं मान्य. लाकूडतोड्या रानात शिरतो ती सुरुवातीची चाल आजही अंगावर येते.

पण चारही हकिकती मला पाठ आहेत, आणि चित्रपट संपताना दरवाजाखालची माणसं माणुसकीवर बोलायला लागली की मी घड्याळ बघते. याआधी बघत नव्हते. स्ट्रे डॉगशी लावला, हरला. दोनदा तपासलं. हरलाच. पाकिटातला दुसरा क्रमांक गेला.

२ मार्च

द इडियट (१९५१). दोस्तोयेव्हस्कीची कादंबरी होक्काइदोच्या बर्फात नेलेली. मूळ चित्रपट साडेचार तासांच्या आसपासचा होता. स्टुडिओने कापून १६६ मिनिटांवर आणला आणि कापलेला भाग पुन्हा कधी सापडला नाही. कापायचाच असेल तर उभा कापा, असं कुरोसावा वैतागून म्हणाल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे.

आता जागा कशाला द्यायची? जो आहे त्याला की जो होता त्याला? दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी चौथा नियम केला: पडद्यावर जे दिसतं तेवढंच. कीव करून कुणाला वर चढवायचं नाही. सान्शिरोला हाच नियम लावलाय, तर इडियटला सूट कशी देणार? पाटीवर पाटी येते, माणसं एकमेकांवर डोळे रोखून उभी राहतात आणि का ते मधल्या हरवलेल्या भागात राहून गेलंय. पंचविसाच्या आसपास.

द मेन हू ट्रेड ऑन द टायगर्स टेलचंही नशीब असंच. १९४५ ला तयार झाला, पडद्यावर आला १९५२ ला. तासाभराचा आहे, पण निदान अख्खा आहे. माझं जपानी रंगभूमीचं ज्ञान त्याला पुरं पडत नाही, म्हणून खाली. दोष माझा, शिक्षा त्याला.

८ मार्च

इकिरु (१९५२). ताई पुन्हा हजर, या वेळी स्वतःहून.

चित्रपट उघडतो तो पोटाच्या क्ष-किरण चित्रावर. निवेदक सांगतो की या माणसाला कर्करोग आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. पुढे रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात एक बडबड्या रुग्ण त्याला ऐकवतो: डॉक्टर जर म्हणाले की साधा व्रण आहे, हवं ते खा, तर समजायचं संपलं. आत गेल्यावर डॉक्टर शब्दाला शब्द तेच बोलतात. ताईने इथे चित्रपट थांबवायला लावला. उठून पाणी प्यायली, परत येऊन बसली, म्हणाली, "लाव." एवढंच.

मागच्या वेळी मला झोपाळ्याचं दृश्य आठवत होतं, सगळ्यांनाच तेच आठवतं. या वेळी जिन्याचं दृश्य पाहिलं. म्हातारा वातानाबे त्या हसऱ्या पोरीला विचारतोय की तू इतकी जिवंत कशी. ती खेळण्यातला चावीचा ससा टेबलावर ठेवते: मी फक्त हे बनवते. त्याला काहीतरी सुचतं. ससा हातात धरून तो धडपडत जिना उतरू लागतो आणि त्याच क्षणी वरच्या कठड्यावर जमलेली तरुण मंडळी वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागतात. ते गाणं कुठल्याशा मैत्रिणीसाठी आहे, ती जिन्याने वर येतेय. याच्यासाठी नाही. आणि याच्याचसाठी आहे.

त्यानंतर थोड्याच वेळात नायक मेलेला असतो आणि उरलेला चित्रपट त्याच्या अंत्यविधीला जमलेल्या सहकाऱ्यांच्या वादावर चालतो. बाग नक्की कुणी बांधली यावर. ही मांडणी १९५२ मध्ये सुचणं आणि निभावणं! सध्या पहिला.

१५ मार्च

सेव्हन सामुराई (१९५४), २०७ मिनिटं, दोन बैठकींत. इकिरुशी लावायचा आहे, पण आज नको. मिफुने-शिमुरा दोघांनाही एक रात्र मिळू दे.

१६ मार्च

काल टिपायचं राहिलं. कांबेई, म्हणजे सातांचा म्होरक्या, एका कागदावर गोल काढतो, प्रत्येक दरोडेखोरासाठी एक. कुणी मारला गेला की गोलावर फुली. लढाई कितीही घनघोर झाली तरी हा कागद मधूनमधून बाहेर येतो आणि फुल्या वाढतात. साडेतीन तासांच्या चित्रपटात आपण एकदाही गोंधळत नाही ते या कागदामुळे. नकाशा, कुंपण, पाणी सोडलेलं शेत, मोकळी ठेवलेली एक वाट: युद्ध म्हणजे आधी नीट मांडलेलं काम.

आणि क्युझो. रात्री एकटा जातो, पहाटे धुक्यातून परत येतो, पळवून आणलेली बंदूक दुसऱ्याच्या हातात देतो, दोन मारले एवढं सांगतो आणि झाडाला टेकून झोपतो. सातांतले चार मरतात, चौघेही गोळीने. एकही तलवारीने नाही. हे मी इतक्या वेळा पाहून कधी मोजलं नव्हतं.

इकिरुशी तुलना: सेव्हन सामुराई. कारणाच्या रकान्यात लिहिलं: "कागद आणि फुल्या."

५ एप्रिल

अडकले. ५ जानेवारीची शंका खरी निघाली.

स्ट्रे डॉग आणि थ्रोन ऑफ ब्लड (१९५७): स्ट्रे डॉग सरस. थ्रोन ऑफ ब्लड आणि योजिम्बो (१९६१): थ्रोन सरस. योजिम्बो आणि स्ट्रे डॉग: योजिम्बो सरस. झालं चक्र. साप शेपूट तोंडात धरून बसला.

तीनदा नव्याने तुलना केली, तीनदा तेच. मग कारणांचा रकाना वाचला आणि उलगडलं. थ्रोनने योजिम्बोला हरवलं ते चित्रांच्या जोरावर: धुकं, 'नो' या जपानी नाट्यप्रकारातल्या मुखवट्यासारखा सरदारपत्नीचा चेहरा, आणि शेवटी मिफुनेच्या अंगाभोवती खरोखर सोडलेले बाण. योजिम्बोने स्ट्रे डॉगला हरवलं ते घट्टपणावर, ११० मिनिटांत एक फट नाही. हात तोंडात धरून दुडकत येणारा कुत्रा पहिल्या काही मिनिटांतच गावाची सगळी कुंडली सांगून टाकतो. आणि स्ट्रे डॉगने थ्रोनला हरवलं ते माणसाच्या उबेवर. म्हणजे दर वेळी फूटपट्टी वेगळी होती. चित्रपटांचा दोष नाही, परीक्षकाचा आहे.

यापुढे प्रत्येक जोडीला एकच प्रश्न: आज रात्री यातला एक पाहायचा आणि दुसरा पुन्हा कधीच पाहायचा नाही, तर कोणता सोडवणार नाही? उत्तर दहा सेकंदांत. त्या प्रश्नाने थ्रोन, स्ट्रे डॉग, योजिम्बो असा क्रम लागला. मागच्या सगळ्या तुलना या प्रश्नाने पुन्हा करायच्या, म्हणजे आठवडा गेला.

या गडबडीत बाकीच्यांच्या नोंदी राहिल्या. द लोअर डेप्थ्स मध्यावर. द हिडन फोर्ट्रेस घसरला: रुंद पडद्यावरचा कुरोसावाचा पहिला चित्रपट, स्टार वॉर्सचा एक स्रोत, मजेदार, पण ते दोन भांडखोर शेतकरी मला आता दमवतात. द बॅड स्लीप वेल (१९६०) सुरुवातीच्या लग्नामुळे तरला. तिथे कचेरीच्या इमारतीच्या आकाराचा केक येतो, एका अधिकाऱ्याने उडी टाकून जीव दिला होता त्या सातव्या मजल्याच्या खिडकीत फूल खोचलेलं, आणि पाहुण्यांचे चेहरे उतरतात. उत्तरार्ध सुरुवातीच्या तोडीचा नाही.

आय लिव्ह इन फिअर (१९५५): अणुबॉम्बच्या धास्तीने सगळ्या कुटुंबाला ब्राझीलला न्यायला निघालेला म्हातारा. पस्तिशीतला मिफुने. संगीतकार फुमिओ हायासाका याच्या निर्मितीदरम्यान गेला. चित्रपट लंगडतो, पण विसरता येत नाही. अठरावा.

१२ एप्रिल

आज हसावं की रडावं कळेना. तक्त्यातला फक्त नावांचा रकाना निवडला आणि क्रमवारी लावायचं बटण दाबलं. नावं हलली, कारणं जागच्या जागी. जतनही करून टाकलं. म्हणजे आता तक्त्यात एकवीस चित्रपट आणि त्यांच्यासमोर भलत्याच चित्रपटांची वीस कारणं (एक रकाना अजून कोराच).

डोकं धरून बसले. मग वाटलं, नुसती कारणं वाचून चित्रपट ओळखू. "कागद आणि फुल्या": लगेच. "ससा, जिना": लगेच. "रात्रभर भिंगं": लगेच. पण "पाऊस, चिखल, जबरदस्त शेवट" कुणाचं? चार चित्रपटांना बसतं. "माणुसकीचं दर्शन" सात जणांना बसतं. "अप्रतिम छायाचित्रण" तर सगळ्यांनाच.

वीसपैकी तेरा ओळखता आली. उरलेली सात कारणं कारणं नव्हतीच, पोकळ स्तुती होती. ती पुसून पुन्हा लिहिली, आणि लिहिताना तीन चित्रपटांच्या जागा हलल्या. सान्जुरो वर गेला: ओढ्यातून वाहत येणारी कॅमेलियाची फुलं, आणि दोघे समोरासमोर नुसते उभे, उभे, उभे, मग एकच वार आणि रक्ताचा फवारा.

१९ एप्रिल

हाय अँड लो (१९६३). पाकिटात हा नववा-दहावा होता बहुतेक.

बुटांच्या कंपनीतला अधिकारी गोंदो. अपहरणकर्ता त्याचा मुलगा समजून त्याच्या गाडीचालकाचा मुलगा उचलतो. मागणी तीच, तीन कोटी येन. द्यायचे तर गोंदो रस्त्यावर येणार. जवळपास तासभर आपण एकाच दिवाणखान्यात, रुंद पडद्यावर माणसं बुद्धिबळातल्या सोंगट्यांसारखी उभी. मग एकदम धावती आगगाडी. नंतर कृष्णधवल चित्रपटात धुराड्यातून निघणारा गुलाबी धूर. या सगळ्यावर भरभरून लिहिलं गेलंय.

मला या वेळी दिसलं ते वेगळंच. पोलिसांना पैशांच्या बॅगांमध्ये खुणेच्या पुड्या लपवायच्या आहेत. गोंदो म्हणतो, माझी जुनी हत्यारं आणा. कधीकाळी हा साधा बूट बनवणारा कारागीर होता. आलिशान दिवाणखान्यात तो जमिनीवर मांडी ठोकतो आणि चामडं उसवून शिवायला लागतो. पोलीस मान खाली घालून बघत राहतात. तो माणूस सर्वस्व घालवायला निघालाय आणि त्याचे हात चालतायत.

भिंगं, ससा, फुल्यांचा कागद, आणि आता ही चामड्याची शिलाई. माझ्या तक्त्यातली जी कारणं लगेच ओळखू आली त्यातल्या बहुतेकांत कुणीतरी मान खाली घालून काम करतंय. मी स्वतःला तलवारबाजीची भक्त समजत होते.

दुसरा. इकिरु तिसरा झाला. दहा सेकंदांत झालं, नंतर तासभर बेचैनी.

२६ एप्रिल

रेड बिअर्ड (१९६५), मिफुनेबरोबरचा सोळावा आणि शेवटचा. १९४८ ते १९६५ मध्ये बनवलेल्या सतरा चित्रपटांत एकट्या इकिरुमध्ये तो नाही.

ताईसाठी राखून ठेवला होता. गरिबांचा दवाखाना, खडूस मोठा डॉक्टर, नाक वर करून आलेला तरुण डॉक्टर. वेश्यागृहातून सोडवून आणलेली बारा वर्षांची आजारी ओतोयो औषधाचा वाडगा फोडते. नंतर तरुण डॉक्टरला ती पुलावर भीक मागताना दिसते: फुटलेल्या वाडग्याच्या जागी नवा घ्यायला.

"असे रुग्ण असतात," ताई म्हणाली. "चादर खराब केली म्हणून आपल्यालाच सॉरी म्हणतात." पुढे बायका विहिरीत वाकून मरायला टेकलेल्या पोराचं नाव ओरडतात, गेलेला जीव परत यावा म्हणून, आणि कॅमेरा खाली खाली पाण्यापर्यंत जातो. तेव्हा दोघीही गप्प होतो.

तिचा पहिला, माझा पाचवा. दीर्घ आहे, उपदेश करतो. उपदेश काढला तर दुसरा-तिसरा.

१० मे

मिफुनेनंतरचे सात. रानवर वेगळं लिहीन. दोदेस्काडेन (१९७०), पहिला रंगीत, झोपडपट्टीतला मुलगा तोंडाने आवाज काढत नसलेली ट्राम चालवतो. चित्रपट आपटला आणि पुढच्या वर्षी कुरोसावाने आत्महत्येचा प्रयत्न केला. मग सोव्हिएत संघात जाऊन केलेला देर्सू उझाला (१९७५). गोठलेल्या तळ्यावर अंधार पडायच्या आत शिकारी देर्सू आणि त्याचा रशियन सोबती वेड्यासारखे गवत कापत सुटतात आणि त्यातून निवारा उभा राहतो. पुन्हा काम, पुन्हा मी खुर्चीच्या कडेवर. दहावा.

कागेमुशा (१९८०) देखणा आणि थंड. सुरुवातीचं तीन सारख्या दिसणाऱ्या माणसांचं न हलणारं दृश्य अख्ख्या चित्रपटात सर्वोत्तम. ड्रीम्समधली सगळी स्वप्नं एका तोलाची नाहीत. रॅप्सडी इन ऑगस्ट शेवटच्या पावसातल्या आजीपुरता. मादादायो (१९९३) मध्ये हरवलेल्या मांजरावर इतका वेळ घालवलाय की आधी राग येतो, मग आपणही मांजर शोधायला लागतो.

१७ मे

रान (१९८५). गडावरचा हल्ला: आवाज सगळे काढून घेतलेले. घोडे, बाण, आग, मरणारी माणसं, आणि फक्त तोरू ताकेमित्सूचं संगीत. ते चालू असतानाच एक बंदूक कडाडते, म्हाताऱ्या सरदाराचा थोरला मुलगा कोसळतो आणि सगळा गोंगाट एकदम कानावर आदळतो. जळत्या गडातून म्हातारा चालत उतरतो. इथे कुणाच्या हाताला काम नाही, माझा नवा सिद्धांत इथे कोलमडतो आणि तरीही हा चौथा. सिद्धांत गेला तर जाऊ दे.

२४ मे

शेवटची फेरी. ११३ तुलना, शिवाय चक्रापायी वाया गेलेल्या वेगळ्या.

क्रम असा लागला: सेव्हन सामुराई, हाय अँड लो, इकिरु, रान, रेड बिअर्ड, थ्रोन ऑफ ब्लड, स्ट्रे डॉग, योजिम्बो, राशोमोन, देर्सू उझाला, अकरापासून सान्जुरो, द बॅड स्लीप वेल, ड्रंकन एंजल, द हिडन फोर्ट्रेस, कागेमुशा, द लोअर डेप्थ्स, नो रिग्रेट्स फॉर अवर यूथ (अभिनेत्री सेत्सुको हारासाठी), आय लिव्ह इन फिअर, वन वंडरफुल संडे, दोदेस्काडेन, एकविसापासून सान्शिरो सुगाता, द मोस्ट ब्यूटिफुल, ड्रीम्स, मादादायो, द इडियट, द मेन हू ट्रेड ऑन द टायगर्स टेल, रॅप्सडी इन ऑगस्ट, स्कँडल, द क्वाएट ड्यूएल. तिसावा सान्शिरो सुगाता भाग २.

पाकीट उघडलं. पहिला तोच. राशोमोन दुसऱ्यावरून नववा, हिडन फोर्ट्रेस पाचव्यावरून चौदावा, मोस्ट ब्यूटिफुल तिसाव्यावरून बाविसावा. हाय अँड लो अकरावा लिहिला होता, नववा-दहावाही नव्हे.

वन वंडरफुल संडेसमोरचा कारणाचा रकाना जानेवारीपासून कोराच होता. "ताईने टाळ्या वाजवल्या" असं लिहून टाकलं. ओळखायला पुरेसं आहे.

२६ मे

यादी छापून कपाटाच्या दारावर लावली. संध्याकाळी ताई येऊन गेली. ती गेल्यावर पाहिलं तर द क्वाएट ड्यूएलच्या २९ वर पेन्सिलीने फुली, शेजारी १२. खोडरबर समोरच होतं. राहू दिलंय.